लिस्बनमध्ये एक रिकामा दिवस : तिकीट न काढता नुसतं भटकायचं तर कुठे?

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. लेकीकडे पोर्तोला आलो आहोत, मी आणि आमचे अहो. परतीचं विमान लिस्बनहून आहे आणि त्याआधी तिथे एक अख्खा दिवस रिकामा मिळतोय. लेकीने लगेच तक्ता करून पाठवला. नऊला मठ, साडेदहाला मनोरा, बाराला किल्ला, दोनला संग्रहालय, मध्ये जेवायला चाळीस मिनिटं. वाचूनच धाप लागली.

मी तिला सांगितलं, बाई, एक दिवस तरी आम्हाला कुणी "चला, चला" म्हणू नका. रांग नाही, तिकीट नाही, कुणाच्या उंच धरलेल्या छत्रीमागे धावणं नाही. पायी फिरायचं, दमलं की बसायचं, बसलं की कॉफी मागवायची. परकं गाव असंच कळतं असं माझं ठाम मत आहे. आजवर आतून पाहिलेला एकही राजवाडा मला धड आठवत नाही, पण व्हिएन्नात एक बाई खिडकीतून कुत्र्याला झापत होती ते लख्ख आठवतं. भाषा कळली नाही, शिव्या कळल्या.

अडचणी दोन. लिस्बनला म्हणे चढच चढ आहेत आणि अहोंचा उजवा गुडघा कुरकुरतो. शिवाय 'नुसतं भटका' म्हटलं की पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच सुचत नाही. ज्यांनी पायी पाहिलंय त्यांनी लिहा.

कोकणकडा
मी पयला! जागा अडवून ठेवतोय. पुढे काही लिहीनच असं नाही.

वाटसरू
कामानिमित्त राहिलोय तिथे. सुरुवात नदीपासून करा, बाकी आपोआप होतं.

प्रासा दो कॉमेर्सिओ हा मोठा चौक. तीन बाजूंना पिवळ्या, कमानींच्या इमारती आणि चौथी बाजू थेट तेजू नदीत उतरते. सकाळी आठच्या सुमारास तिथे फारसं कुणी नसतं. पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसा. पात्र इतकं रुंद आहे की नवखा माणूस समुद्रच समजतो.

मग पाठ फिरवून कमानीतून आत शिरलात की बायशा. हा भाग सपाट, गल्ल्या एकमेकींना काटकोनात. युरोपातल्या जुन्या गावात असं आखीवरेखीव काही दिसलं की समजावं, इथे मोठं काहीतरी घडून गेलंय. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तर तिकडून त्सुनामी आली. वर गावात लागलेली आग कित्येक दिवस जळत होती. पुढे मार्केस दे पोंबाल या मंत्र्याने हा सगळा भाग नव्याने आखून बांधला. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले, हादरा बसला तर लवावेत पण मोडू नयेत म्हणून. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून परीक्षा घेतली असं सांगतात.

गुडघ्याचं: रुआ दोस फांकेइरोश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती तुम्हाला वरच्या रस्त्यावर सोडते. तिथून थोडं पुढे शाँव दो लोरेइरोला वाहनतळाच्या इमारतीत दुसरी. या दोन लिफ्टमध्ये किल्ल्याचा बराचसा चढ संपतो. पाटी लहान आहे, लोक दारावरून निघून जातात.

टक्केटोणपे
मत अजिबात पटलं नाही. नुसतं भटकणं ही चैन ज्यांना परत परत जायला मिळतं त्यांची. आपण व्हिसाचे कागद गोळा करत, विमानात पाय आखडून जाणार, आणि तिथे जाऊन बाकावर बसायचं? बाकावर बसायला सारसबाग आहे.

जेरोनिमुश मठ बघाच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, आणि पैसा कुठून आला? आफ्रिका-आशियाच्या व्यापारावर बसवलेल्या करातून. म्हणजे आपल्याकडच्या मालातून. निदान वसुली म्हणून तरी आत जाऊन या.

गिरमिट
टक्के, तुमच्या तक्त्यात 'श्वास घेणे : ४ मिनिटे' असं असतंच ना? चहाताईंना +१.

टक्केटोणपे
असतं. पण ते बसमध्ये उरकतो.

मधुमालती
बुटांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसॉल्टच्या काळ्या लहान लहान खड्यांचे. दिसायला देखणे आणि पाऊस पडला की वैरी. चामड्याच्या गुळगुळीत तळाचे बूट नकोतच, रबरी तळवा हवा. उतारावर तर नक्कीच.

पण खाली बघत चाला, त्यात मजा आहे. रोसियो चौकात काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची नक्षी. त्याआधी १८४२ मध्ये किल्ल्यावर असं काम कैद्यांकडून करून घेतलं होतं. एका गल्लीत दुरुस्ती चालू होती तिथे मी बराच वेळ उभी राहिले. कारागीर बुटक्या स्टुलावर पाय फाकवून बसलेला. डाव्या तळव्यात दगड, उजव्या हातात टोकदार हातोडी. दोन ठोके, दगड फिरवायचा, आणखी एक ठोका, आणि वाळूवर बरोबर जागी बसवायचा. पट्टी नाही, मोजमाप नाही. मी बघतेय म्हटल्यावर त्याने एक खडा माझ्या हातात ठेवला आणि जागा दाखवली. उन्हाने तापलेला होता. माझ्याकडून काही तो बसेना. त्याने एक कोपरा उडवून दिला, मग बसला. या कामाला माणसं मिळेनाशी झाली म्हणून महापालिकेने १९८६ मध्ये त्याची शाळा काढली.

कोकणकडा
म्हणजे लिस्बनमध्ये एक दगड आपल्या मधुताईंचा आहे. पुण्यात महापालिकेने ही सोय केली तर पेव्हर ब्लॉकचा प्रश्न सुटेल.

गिरमिट
पुण्यात बसवलेला खडा दुसऱ्या दिवशी केबलवाला उखडेल. विषयावर या.

पिंगळा
वाटसरू यांनी सांगितलेल्या चौकाबद्दल एक भर. भूकंपाआधी तिथे राजवाडा होता, नदीला लागून. १५१५ मध्ये तिथे हत्ती आणि गेंड्याची झुंज लावली होती. गेंडा आपल्याकडचा! गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिला, आल्बुकेर्कने गोव्याहून जहाजात घालून राजा मानुएलला पाठवला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. युरोपने रोमन काळानंतर जिवंत गेंडा पाहिला नव्हता. झुंजीत हत्तीने गेंडा पाहिला आणि पळ काढला. खेळ खलास.

पुढे राजाने तो पोपला पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जर्मनीत ड्यूरर या चित्रकाराने गेंडा न बघताच, कुणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून, त्याचं चित्र कोरलं. अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखा दिसतो, तरी पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपचा गेंडा तोच. बेलें या नदीकाठच्या भागातल्या मनोऱ्याच्या एका बुरजाखाली गेंड्याचं डोकं कोरलंय. झिजलंय, पण बाहेरूनच शोधता येतं. तिकीट लागत नाही, चहाताई.

दुपारचा_चहा
पिंगळा, दंडवत. अहोंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हत्ती शहाणा निघाला.

शेंगदाणा
धाग्यात अजून जेवण कसं आलं नाही? शाकाहारी लोकांनी लक्ष द्या. काल्दो वेर्दे हे हिरव्या पाल्याचं सूप दिसायला सोवळं असतं, पण तळाशी सॉसेजची चकती असते. विचारूनच घ्या. बसल्या बसल्या पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. ते पाहुणचाराचं नसतं, खाल्लं की बिलात येतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी वाईट वाटून घेत नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर स्वस्त, बाहेर खुर्चीत बसलं की महाग. 'बिका' मागा, एवढीशी येते. पाश्तेल दे नाता म्हणजे तिथला कस्टर्डचा गोड टार्ट, त्यात अंडं असतं, त्यामुळे मी नुसता वास घेतला. बायकोने माझ्या वाटचेही खाल्ले.

मार्तीं मोनीजजवळ रुआ दो बेन्फोर्मोझो या रस्त्यावर बांगलादेशी दुकानांची रांग आहे. हिरवी मिरची, कोथिंबीर, डाळ, सगळं. आणि लुमियारला हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे गुजराती थाळी मिळते. मंडळी बरीचशी मोझांबिकमार्गे आलेली. पण ते गावाच्या उत्तरेला, चालत जायच्या अंतरावर नाही.

मांडवीकाठ
मी म्हापशाचा. लिस्बनात आमचे नातेवाईक आहेत, जाणं होतं. धागा छान चाललाय पण मला एक खुपतं ते लिहितो.

बेलेंला नदीकाठी ते मोठं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं, त्यावर हेन्री राजपुत्र आणि मागे दर्यावर्दींची रांग. सगळे त्याच्यासमोर हसत फोटो काढतात. दगडी दिसतं म्हणून लोकांना जुनं वाटतं. आज उभं आहे ते १९६० चं आहे! हुकूमशहा सालाझारची राजवट. १९६० म्हणजे आमच्याकडे तेव्हा अजून पोर्तुगीज पोलीस घरात शिरत होते. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर आल्बुकेर्क खांबावर उभा आहे. १५१० मध्ये त्याने गोवा घेतला तेव्हा काय झालं ते आम्ही शाळेत शिकलो.

आणि त्याच गावाचा महापौर, पुढे २०१५ ते २०२४ देशाचा पंतप्रधान कोण? आन्तोनियो कॉश्ता, ज्याच्या वडिलांचं घराणं मडगावचं. दोन्ही खरं. मला तिथे फिरताना राग पण येतो आणि माश्याच्या आमटीचा वास आला की घरी आल्यासारखं पण वाटतं. 'निवांत भटकंती' आम्हा गोंयकारांना तिथे पूर्ण जमत नाही.

टक्केटोणपे
अहो पण पाचशे वर्षांपूर्वीचा राग घेऊन फिरायचं तर जगात कुठेच फिरता येणार नाही. मग लंडनला कसे जातो आपण?

मांडवीकाठ
पाचशे नाही हो. माझ्या बाबांचं शिक्षण त्या राजवटीत झालं. १९ डिसेंबर १९६१ म्हणजे काल-परवा.

वाटसरू
मांडवीकाठ, पटलं. लिस्बनच्या लोकांनाही ती राजवट नकोच होती हेही सांगायला हवं. कार्मोचा मठ बघा, भूकंपात छत पडलं ते पुन्हा घातलंच नाही, कमानींवर सरळ आकाश. त्याच्या दारातल्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला लोकांची झुंबड उडाली होती, कारण सालाझारनंतरचा पंतप्रधान कायतानो शेजारच्या पोलीस मुख्यालयात लपून बसला होता. तिथेच त्याने सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते त्यानंतरच, १९७४ च्या अखेरीस. आज त्या चौकात झाडाखाली कारंजं आणि खुर्च्या आहेत. दुपारी बसायला उत्तम.

जुनी_वही
इतका वेळ वाचत होते. मोहन रानडे हे नाव इथे कुणाला आठवतंय का?

मूळचे सांगलीचे. गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती लागले. नंतर त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं. १९६१ ला गोवा मुक्त झाला, इकडे मिरवणुका निघाल्या, आणि रानडे तिकडे कोठडीतच. सुटले कधी? जानेवारी १९६९. सुधीर फडके, आपले बाबूजी, त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं झटत होते. अण्णादुराईंनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला आणि तिथून चक्रं फिरली असं सांगतात. एका मराठी माणसासाठी तमिळ मुख्यमंत्री पोपला भेटतो, हे आज कुणाला खरं वाटेल?

काइश दो सोद्रे स्थानकावरून काश्काइशला जाणारी लोकल नदीकाठानेच जाते. आधी बेलें, पुढे काशियश. तिथे आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. पण गावातल्या गावात बघायचं तर कॅथेड्रलच्या शेजारी आल्जूब आहे. सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय.

गिरमिट
विनोद करायला आलो होतो. गप्प बसतो.

नाकासमोर
रानडे यांना गोव्यात लहानपणी पाहिलंय, भाषणाला आले होते. जुनी वही, वेगळा धागा काढाच.

अवांतर: अठ्ठावीस नंबरच्या ट्रामचं सगळे कौतुक करतात. उभ्याने, माणसाला माणूस चिकटून, आणि खिसेकापूंची आवडती गाडी. तिच्या रुळांवरून पायी चाला, तेच देखावे दिसतात आणि पाकीटही राहतं. ग्लोरिया फ्यूनिक्युलरला, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीला, सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यामुळे चढावरच्या गाड्यांच्या भरवशावर बेत आखू नका, काय चालू आहे ते आदल्या दिवशी बघा.

पिंगळा
मुंबईकरांसाठी एक. मुंबई आंदण देऊन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी जिचं लग्न ठरवलं ती कातारिना लिस्बनमध्येच पुरली आहे. नवरा गेल्यावर माहेरी परतली, १७०५ मध्ये वारली. साँव विसेंते दे फोरा मठात ब्रागांसा घराण्याच्या कबरी आहेत, तिथे. मठाच्या मागेच मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो.

टक्केटोणपे
मठाला तिकीट आहे. हेहेहे.

दुपारचा_चहा
मंडळी, काल रात्री घरी पोचलो. तुम्ही इतकं लिहिलंत तर हिशेब द्यायलाच हवा.

सकाळी नदीवर बसलो. एक मुलगा खडकावर उभा राहून गळ टाकत होता, अहो त्याच्याकडे बघत तासभर हलले नाहीत. मासा लागला नाही. मग पिंगळांची झुंज नेमकी कुठे झाली असेल यावर त्यांनी मला चौकभर फिरवलं.

वाटसरू, लिफ्ट सापडली! पाटी खरंच लहान आहे. एक आजीबाई भाजीच्या पिशव्या घेऊन शिरल्या, त्यांच्या मागे गेलो. वर सांता लुझियाच्या गच्चीवर बोगनवेलीखाली बसलो. शेजारच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं मोठं चित्र आहे, त्यात भूकंपापूर्वीचा तोच चौक, राजवाड्यासकट. सकाळी जिथे बसलो होतो ती जागा अहोंनी चित्रात बोट लावून शोधली. मला वाटतं संग्रहालयात हे इतकं भिडलं नसतं, कारण सकाळचे दगड तोवर पायाखालून गेलेले होते.

आल्फामा या जुन्या वस्तीत उतरताना मुद्दाम कुठलाच रस्ता ठरवला नाही. उतार जाईल तिकडे. गल्ली इतकी अरुंद की वाळत घातलेल्या चादरीचं पाणी थेट डोक्यावर. दारात छोटं टेबल मांडून एक बाई जिंजा विकत होती, चेरीची दारू. आम्ही एकच पेला घेतला, वास बघू म्हणून. तिने पेल्यातल्या चेरीकडे बोट दाखवून खा अशी खूण केली. मी खाल्ली. शेंगदाणा, अंडं नव्हतं.

शनिवार होता म्हणून जुन्या बाजारात गेलो. कुणाच्या तरी घरातली पितळी कुलपं, फुटके टाइल्स, कोण्या लग्नातल्या फोटोंचा आल्बम. पिंगळांनी कातारिनाचं लिहिलं होतं, मग राहवेना. टक्केटोणपे, हो, तिकीट काढलं. माझा जन्म गिरगावातला. जिच्या लग्नात आमचं गाव गेलं तिला भेटून यायलाच हवं होतं. आत शांत होतं आणि भिंतींवर टाइल्समध्ये ला फोंतेनच्या प्राण्यांच्या गोष्टी आहेत, त्या पाहण्यात वेळ गेला.

संध्याकाळी अहोच म्हणाले, काशियशला जाऊ. स्थानकावर उतरलो, तुरुंग वर चढावर. गुडघ्याने नकार दिला. रस्त्यापलीकडे किनारा आहे, तिथे बसलो आणि त्यांनी मला रानड्यांच्या सुटकेसाठी भरलेल्या सभेची हकिगत सांगितली. वडील त्यांना खांद्यावर बसवून घेऊन गेले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं.

जेरोनिमुश मठ, मनोरा, स्मारक यांतलं काहीच पाहिलं नाही. लेक अजून बोलत नाहीये.

टक्केटोणपे
लोकल धरून दोन तिकिटं निघाली, नोंद घ्यावी. बाकी वाचायला मजा आली, हेही मान्य. पण मठ राहिला तो राहिलाच. वास्को द गामा तिथे आहे, कोचीहून हाडं आणून ठेवलेली. त्याला कुणी जाब विचारायचा?

मांडवीकाठ
मी विचारतो दर वेळी. उत्तर देत नाही.

चहाताई, जुना बाजार वाचून बरं वाटलं. तिथे कधी कधी गोव्याची जुनी पोस्टकार्डं मिळतात. मला पणजीच्या फेरीबोटीचं मिळालं होतं, विकणाऱ्याला ते आफ्रिकेतलं वाटत होतं.

जुनी_वही
चहाताई, तुमच्या अहोंना ती सभा कुठल्या गावी झाली ते विचाराल का? वेगळा धागा काढतेय, त्यात हवंय.

दुपारचा_चहा
विचारलं. मिरजेला. साल आठवत नाही म्हणतात, पण बाबूजी स्वतः आले होते आणि गर्दीत एक चप्पल हरवली होती एवढं पक्कं. बाकी तेच लिहितील, त्यांना खातं उघडून देते.

नवी_पायवाट
फार उपयोगी धागा. आम्ही फेब्रुवारीत जातोय, सोबत सासूबाई. पाऊस असतो का?

मधुमालती
असतो. आटलांटिकवरून भरून आला की उभ्या उभ्या भिजवतो आणि अर्ध्या तासात ऊन. छत्री उलटते, टोपीचं जाकीट न्या. सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट इथूनच घेऊन चार दिवस वापरून द्या. सोमवार टाळा, मठ आणि बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.